खोटी दाढी लावून तिने ब्रिटिश नौदलाला गंडवलं, पुढे तिच्याच पुस्तकात नायकाची बाई झाली

७ फेब्रुवारी १९१०. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथजवळ ब्रिटिश नौदलाचा ताफा नांगर टाकून उभा होता. त्यात होती एचएमएस ड्रेडनॉट. त्या काळात अख्ख्या जगात हिच्याइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्या युद्धनौकेची नव्हती. त्या दिवशी ताफ्याच्या अ‍ॅडमिरलला लंडनहून एक तार आली. अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या राजघराण्यातले पाहुणे जहाज बघायला निघालेत, व्यवस्था करा, असा मजकूर. खाली परराष्ट्र खात्यातले सगळ्यात वरचे अधिकारी सर चार्ल्स हार्डिंग यांचं नाव. (हेच हार्डिंग त्या वर्षाच्या शेवटी व्हाइसरॉय होऊन भारतात आले.)

मग काय, नौदलाची पळापळ. लाल गालिचा अंथरला गेला, सैनिक सलामीला उभे राहिले, बँडवाले तयार झाले. अ‍ॅबिसिनियाच्या राष्ट्रगीताचे सूर काही मिळेनात, म्हणून झांझिबारचं गीत वाजवून वेळ मारून नेली असं सांगतात. पाहुणे आले. अंगात लांब झगे, डोक्याला फेटे, चेहऱ्यावर दाढी-मिशा. सोबतचा दुभाषा लॅटिन आणि ग्रीक शब्दांची मोडतोड करून काहीतरी बोलायचा आणि राजपुत्र माना डोलवायचे. जेवणाला मात्र त्यांनी साफ नकार दिला. घास घेतला असता तर ओठांवरचा रंग आणि मिशा ताटात पडल्या असत्या. मध्येच पावसाची भुरभुर सुरू झाली आणि एका राजपुत्राची मिशी सुटायला लागली, तेव्हा दुभाष्याच्या पोटात गोळा आला.

कारण तार खोटी होती. पाहुणे लंडनचे होते. दुभाषा होता एड्रियन स्टीफन आणि दाढीवाल्या राजपुत्रांपैकी एक होती त्याची २८ वर्षांची बहीण, व्हर्जिनिया. गंमत म्हणजे जहाजावर स्वागत करणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये या दोघांचा सख्खा मावसभाऊ विल्यम फिशर होता. त्यानेही ओळखलं नाही.

दोन वर्षांनी लग्न झाल्यावर हीच व्हर्जिनिया स्टीफन झाली व्हर्जिनिया वूल्फ. विसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीचा चेहरा बदलणाऱ्या दोन-चार लेखकांमधलं एक नाव.

आजच्या नजरेने बघितलं तर या थट्टेतली एक गोष्ट खटकतेच. गोऱ्या तरुणांनी तोंडाला काळं फासून आफ्रिकी माणसांची नक्कल करणं हा सरळ सरळ वंशवाद होता आणि त्या मंडळींना त्याचं काही वाटलंही नाही. पण पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. बातमी फुटली, डेली मिररमध्ये फोटो छापून आला, प्रकरण संसदेत गेलं. नौदलाची अब्रू गेली, तेव्हा काही अधिकारी बदला घ्यायला निघाले. थट्टेचा सूत्रधार होरेस कोल आणि चित्रकार डंकन ग्रँट यांना त्यांनी गाठलं आणि छडीचे नावापुरते फटके मारून हिशेब मिटवला. ग्रँट तर घरातल्या सपातांवर होता, त्यामुळे मारणाऱ्यांनाच कसंतरी झालं.

व्हर्जिनियाला कुणी हात लावला नाही. ती बाई होती ना. पण अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तिच्या चारित्र्याबद्दल नको नको ते बोललं गेलं आणि ते भावाकरवी तिच्या कानावरही आलं. चूक एकच, पुरुषांना लुटुपुटूची छडी आणि बाईला शिव्या.

कपडे बदलले की माणसाची किंमत बदलते, आणि ही किंमत ठरवणारे नियम किती हास्यास्पद असतात, ही गोष्ट व्हर्जिनिया वूल्फने आयुष्यभर सोडली नाही. अ‍ॅब्सर्ड म्हटलं की नाटकवाल्यांना बेकेटचं वेटिंग फॉर गोदो आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी ही बाई दाखवत होती की अर्थहीन, तर्काला सोडून वागणारं जग बघायला ओसाड माळावरचं झाड लागत नाही. इंग्लंडचा मालमत्ता कायदा पुरेसा आहे.

घरातलं विद्यापीठ

व्हर्जिनियाचा जन्म २५ जानेवारी १८८२ चा, लंडनमधल्या हाइड पार्क गेटचा. आई ज्युलिया कलकत्त्यात जन्मलेली. वडील लेस्ली स्टीफन हे मोठं प्रस्थ. डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी या महाकाय चरित्रकोशाचे ते पहिले संपादक, आणि हे काम त्यांनी हातात घेतलं तेही १८८२ मध्येच. देशातल्या थोर माणसांची चरित्रं त्यात यायची. थोर माणसं म्हणजे बहुतेक करून पुरुष, हे वेगळं सांगायला नको.

योगायोग बघा, लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येईल असा कायदा इंग्लंडमध्ये झाला तोही याच वर्षी. तोपर्यंत लग्न झालं की बायकोचं जवळपास सगळं नवऱ्याचं.

स्टीफन घरात पुस्तकांना तोटा नव्हता. वडिलांनी मुलीला ग्रंथसंग्रह मोकळा करून दिला होता. पण कॉलेजचा विषय आला की नियम वेगळा. थोबी आणि एड्रियन हे भाऊ केंब्रिजला गेले. व्हर्जिनिया घरी राहिली. किंग्ज कॉलेजच्या लंडनमधल्या महिला विभागात तिने ग्रीक आणि लॅटिनचे वर्ग केले, घरी शिकवणी लावली, पण भावांसारखं विद्यापीठ तिला मिळालं नाही. ही बोच शेवटपर्यंत गेली नाही.

घरात मृत्यू तर पाठोपाठ आले. १८९५ मध्ये आई गेली, तेव्हा व्हर्जिनिया १३ वर्षांची. दोन वर्षांनी सावत्र बहीण स्टेला. १९०४ मध्ये वडील, १९०६ मध्ये लाडका भाऊ थोबी टायफॉइडने. मोठ्या सावत्र भावांकडून लैंगिक त्रास झाल्याचं तिने स्वतः पुढे लिहून ठेवलंय. आई गेल्यापासूनच तिला मानसिक आजाराचे झटके यायला लागले होते. त्यावरचा त्या काळचा इलाज म्हणजे अंथरुणाला खिळवून ठेवणं, पेलेच्या पेले दूध पाजणं आणि लिहिण्या-वाचण्यावर बंदी. लिहिणाऱ्या बाईला बरं करायचं, तर तिचं लिहिणं बंद करा! १९१३ मध्ये तिने झोपेच्या औषधाचा मोठा डोस घेतला, त्यातून ती जेमतेम वाचली.

१९२५ मध्ये आलेल्या मिसेस डॅलोवे या कादंबरीत तिने या डॉक्टरांचं उट्टं काढलं. त्यात सेप्टिमस नावाचा महायुद्धातून परतलेला सैनिक आहे. डोळ्यांसमोर मित्र मेला तरी आपल्याला काहीच वाटलं नाही, याचा त्याला आधी अभिमान वाटतो, कारण मर्दाने असंच असायचं असतं. मग त्याच न वाटण्याने त्याचं डोकं फिरतं. आणि प्रतिष्ठित डॉक्टर सांगतात, काही झालेलं नाही, जरा मन रमवा. बाई कशी असावी याचे नियम जसे बाईचा जीव घेतात, तसे मर्द कसा असावा याचे नियम पुरुषाचा, हे तिने फार लवकर ओळखलं होतं.

स्वतःचा छापखाना

१० ऑगस्ट १९१२ ला तिने लेनर्ड वूल्फशी रजिस्टर लग्न केलं. लेनर्ड भावाचा केंब्रिजचा मित्र, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सात वर्षं सरकारी नोकरी करून परतलेला. १९१५ मध्ये तिची पहिली कादंबरी आली ती सावत्र भाऊ जेराल्ड डकवर्थच्या प्रकाशन संस्थेकडून. ज्याच्याबद्दल मनात इतकं साचलेलं, त्याच्याच हातात हस्तलिखित द्यायचं.

१९१७ मध्ये वूल्फ जोडप्याने एक छोटं हातयंत्र विकत घेतलं आणि रिचमंडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खिळे जुळवायचं काम व्हर्जिनियाचं. राहत्या घराच्या नावावरून नाव दिलं, होगार्थ प्रेस. पहिल्या पुस्तिकेच्या दीडशेच्या आसपास प्रती निघाल्या. पुढे याच प्रेसने इंग्लंडमध्ये टी. एस. एलियटची द वेस्ट लँड छापली, फ्रॉइडची इंग्रजी भाषांतरं काढली. पण व्हर्जिनियासाठी याचा खरा अर्थ वेगळा होता. आता काय लिहायचं हे विचारायला कुणा संपादकाकडे जायचं नव्हतं. पुढचं पुस्तक तिने लिहू शकण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

ऑरलँडो: एक चरित्र, ज्यात नायक बाई होतो

डिसेंबर १९२२ मध्ये व्हर्जिनियाची ओळख झाली विटा सॅकव्हिल-वेस्टशी. विटा लेखिका, उमरावाची एकुलती एक मुलगी, हॅरल्ड निकल्सन या राजनैतिक अधिकाऱ्याची बायको. केंटमधल्या नोल नावाच्या प्रचंड वाड्यात ती वाढली. व्हर्जिनियाला भेटायच्या आधी व्हायलेट ट्रेफ्युसिस या मैत्रिणीच्या प्रेमात ती फ्रान्सला निघून गेली होती आणि पॅरिसच्या रस्त्यांवर पुरुषाच्या कपड्यांत, डोक्याला पट्टी बांधून, जखमी सैनिक म्हणून फिरली होती. विटा आणि व्हर्जिनिया यांच्यातही प्रेमसंबंध जुळले.

विटाचं एक दुखणं होतं. नोलवर तिचा जीव होता, पण तो वाडा तिला कधीच मिळणार नव्हता. घराण्याचा नियम होता की वारसा पुरुषाकडेच जाणार. जानेवारी १९२८ मध्ये वडील वारले आणि वाडा काकांकडे गेला. विटा मुलगा असती तर प्रश्नच नव्हता.

त्या वेळी व्हर्जिनियाच्या टेबलावर ऑरलँडोचं हस्तलिखित अर्धंमुर्धं झालेलं होतं. ऑक्टोबर १९२७ मध्ये सुरू केलेलं हे पुस्तक तिने मार्च १९२८ मध्ये संपवलं.

गोष्ट अशी. ऑरलँडो हा राणी एलिझाबेथच्या दरबारातला देखणा तरुण उमराव. त्याला कविता करायच्या आहेत. थेम्स नदी गोठलेल्या हिवाळ्यात तो एका रशियन राजकन्येच्या प्रेमात पडतो, ती त्याला सोडून जाते. तो राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला जातो, एके दिवशी झोपतो तो सात दिवस उठतच नाही. उठतो तेव्हा तो बाई झालेला असतो.

इथे वाचक थबकतो. काफ्काच्या गोष्टीतला माणूस सकाळी उठून किडा झालेला असतो, तेव्हा घरात हलकल्लोळ होतो. ऑरलँडो मात्र आरशात बघते आणि आंघोळीला जाते. चेहरा तोच, आठवणी त्याच. तिच्या दृष्टीने फारसं काही बदललेलंच नाही. आपल्याला वाटतं, विचित्र गोष्ट घडून गेली. खरी विचित्र गोष्ट अजून पुढे असते.

ती जहाजाने इंग्लंडला परतत असते. पहिल्यांदाच घागरा नेसलेला. तिच्या घोट्याचा जरासा भाग दिसला तर डोलकाठीवर चढलेला खलाशी दचकून पडता पडता वाचतो. कालपर्यंत तलवार चालवणाऱ्या माणसाने आता आपला घोटा झाकून ठेवायचा, कारण त्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून! लंडनला पोचते तर कोर्टात खटले उभे. एक दावा असा की ती मेली आहे, त्यामुळे तिच्याकडे मालमत्ता असू शकत नाही. दुसरा दावा असा की ती बाई आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तेही जवळपास मेल्यासारखंच. तिसरा दावा एका स्पॅनिश नर्तिकेपासून झालेल्या मुलांचा. हा तिसरा मुद्दा वूल्फने हवेतून काढला नव्हता. विटाची आजी पेपिटा खरोखरच स्पॅनिश नर्तिका होती आणि तिच्या मुलांपैकी एकाने वारसाहक्कासाठी केलेला खटला १९१० मध्ये लंडनच्या कोर्टात गाजला होता.

म्हणजे पुस्तकात अशक्य वाटणारी गोष्ट, पुरुषाची बाई होणं, दोन-चार परिच्छेदांत उरकते. आणि कायदा, वकील, शिष्टाचार, कपडे या रोजच्या वाटणाऱ्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च होतात, कारण वेडेपणा तिथे आहे. एक आर्चडचेस ऑरलँडोच्या मागे लागलेली असते, ती पुढे आर्चड्यूक निघते. ऑरलँडो आणि शेल्मरडीन प्रेमात पडतात तेव्हा तिला शंका येते की तू बाई तर नाहीस, त्याला शंका येते की तू पुरुष तर नाहीस. तीनशेहून जास्त वर्षं ही गोष्ट चालते आणि ऑरलँडोचं वय होतं फक्त ३६.

पुस्तकाच्या नावाखाली वूल्फने लिहिलं होतं, एक चरित्र. आत विटाचे फोटो, मागे सूची, सुरुवातीला भल्यामोठ्या नावांचे आभार. वडिलांच्या चरित्रकोशाची इतकी प्रेमळ टवाळी दुसऱ्या कुणी केली नसेल. पण याचा फटकाही बसला. काही पुस्तक विक्रेत्यांनी हे कादंबऱ्यांच्या शेल्फवर ठेवायला नकार दिला. चरित्र आहे तर चरित्रांत जाईल, म्हणाले. चरित्रं खपत नसत, म्हणून व्हर्जिनिया धास्तावली. तिची भीती फोल ठरली. पहिल्या सहा महिन्यांत आठ हजारांवर प्रती गेल्या. तोपर्यंत तिचं कुठलंच पुस्तक इतकं खपलं नव्हतं.

एकाच वर्षातली दोन पुस्तकं

ऑरलँडो प्रकाशित झालं ११ ऑक्टोबर १९२८ ला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश बायकांना पुरुषांच्या बरोबरीने, म्हणजे २१ व्या वर्षी मताचा हक्क मिळाला होता. आणि त्याच महिन्यात रॅडक्लिफ हॉल यांची द वेल ऑफ लोनलीनेस ही कादंबरी आली होती. बाईचं बाईवरचं प्रेम तिच्यात गंभीरपणे, सहानुभूतीने मांडलं होतं. अश्लील प्रसंग एकही नव्हता. तरी सरकारने खटला भरला.

व्हर्जिनियाला ती कादंबरी वाङ्मय म्हणून फारशी आवडली नव्हती. पण बंदीच्या विरोधात तिने ई. एम. फॉर्स्टरबरोबर साप्ताहिकात पत्र छापलं आणि ९ नोव्हेंबरला ती साक्ष द्यायला कोर्टात हजर राहिली. न्यायाधीश सर चार्टर्स बायरन यांनी लेखकांच्या साक्षी ऐकायलाच नकार दिला. आठवड्याने निकाल आला, पुस्तक अश्लील, प्रती नष्ट करा.

त्याच वेळी लंडनच्या दुकानांत ऑरलँडो राजरोस विकलं जात होतं. त्यातही बाई बाईवर प्रेम करते, ते कुणाला उद्देशून आहे हे लंडनच्या साहित्य वर्तुळाला पक्कं ठाऊक होतं, फोटोसकट. पण ते हसवणारं होतं, अशक्य होतं, चरित्राचा आव आणणारं होतं. सरकारला त्यात पकडायला काही सापडलं नाही. अ‍ॅब्सर्ड लिहिण्याचा हा उपयोग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

मुंबईत घोड्यावरून पडलेली आत्या

त्याच ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियाने केंब्रिजच्या न्यूनम आणि गर्टन या मुलींच्या कॉलेजांत व्याख्यानं दिली. त्यांतून १९२९ मध्ये आलं अ रूम ऑफ वन्स ओन. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी, हा त्यातला मुद्दा आज जगभर माहीत आहे.

त्यातही तीच चाल. निवेदिका विद्यापीठाच्या हिरवळीवरून चालते तर रखवालदार हातवारे करत धावत येतो, हिरवळ फक्त फेलो मंडळींसाठी. ग्रंथालयाच्या दारात तिला अडवतात, पुरुष सोबत असेल किंवा पत्र असेल तरच आत. आणि हे ५०० पौंड तिला कुठून मिळतात? तिच्याच नावाची आत्या मुंबईत घोड्यावरून फेरफटका मारताना पडून मेली, तिच्या मृत्युपत्रातून. वकिलाचं पत्र येतं तेव्हाच मताच्या हक्काचा कायदाही झालेला असतो, आणि दोन्हींत पैसाच जास्त महत्त्वाचा वाटला, असं ती बेधडक सांगते.

खऱ्या आयुष्यात व्हर्जिनियाला आत्याचेच पैसे मिळाले होते. कॅरोलाइन एमिलिया ही आत्या केंब्रिजमध्ये राहायची, १९०९ मध्ये वारली आणि भाचीला २,५०० पौंड ठेवून गेली. पुस्तकात मात्र वूल्फने आत्याला मुंबईला पाठवलं. साम्राज्यातून येणाऱ्या पैशावर लंडनमधली बाई स्वतंत्र होते, हा टोमणा तिला मारायचा होता की सहज लिहून गेली, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तिच्या खोलीची झाडलोट करणाऱ्या मोलकरणीला स्वतःची खोली कुठे होती, हा प्रश्नही तिला नंतर अनेकींनी विचारला आणि तो रास्तच आहे.

१९३८ मध्ये थ्री गिनीज आलं. युद्ध कसं थांबवावं, या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर. त्यात तिने फोटो छापले. छातीभर पदकं लावलेला सेनापती, विग घातलेला न्यायाधीश, झगे घालून निघालेली विद्यापीठाची मिरवणूक, आर्चबिशप. बायका कपड्यांच्या नादी असतात म्हणणाऱ्यांनो, हे काय आहे, असा तो सवाल. घरात बापाची हुकूमशाही आणि देशात हुकूमशहाची, यांची मुळं एक आहेत, असं तिने त्या पुस्तकात मांडलं. हे पुस्तक अनेकांना पचलं नाही, अगदी जवळच्या मित्रांनाही.

दोन वर्षांत बॉम्ब पडायला लागले. १९४० मध्ये वूल्फ जोडप्याच्या लंडनमधल्या घरांची नासधूस झाली. ससेक्समधल्या रॉडमेल गावच्या घरावरून जर्मन विमानं जायची. आजार परत येतोय, या वेळी त्यातून उठता येणार नाही, असं तिला वाटायला लागलं. २८ मार्च १९४१ ला, ५९ व्या वर्षी, घराजवळच्या ऊज नदीत तिने जीव दिला.

विटा १९६२ पर्यंत जगली. नोल तिला मिळालं नाही ते नाहीच, दुसऱ्या महायुद्धानंतर ते नॅशनल ट्रस्टकडे गेलं. ऑरलँडोचं हस्तलिखित व्हर्जिनियाने तिला भेट दिलं होतं. ते आता नोलमध्ये ठेवलेलं आहे.